शिलाईकाकूंचा डेलिया

रविवारी सकाळी आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, असा नियम आहे. रविवार हा सायकलींचा. सगळ्यांत पुढे आमचे हे, गळ्यात कॅमेरा लटकवून. त्यांच्यामागे आमची लेक. तिला आम्ही लाडानं मैना म्हणतो, कारण तिचं तोंड मिटलेलं फक्त शाळेच्या ओळखपत्रावर दिसतं. तिच्यामागे मी. आणि शेवटी तीनचाकी सायकलवर सासूबाई. त्यांच्या मागच्या टोपलीत पाण्याच्या बाटल्या, पुसायला फडकं आणि एक उशी असते. उशी अशासाठी, की हे एकदा फुलासमोर गुडघे टेकून बसले, की देवसुद्धा त्यांना लवकर उठवू शकत नाही.

यांचा छंद फुलांचे फोटो काढण्याचा. फूल तोडायचं नाही, हलवायचं नाही. देवानं जिथं ठेवलंय तिथंच जाऊन त्याच्या पाया पडल्यासारखं वाकायचं आणि फोटो काढायचा. मला हे आवडतं. पण पूर्वी यांना वाटेत फूल दिसलं की हात थेट ब्रेकवर जायचा. मग मैना यांच्यावर, मी मैनेवर आणि सासूबाईंची तीनचाकी आम्हा सगळ्यांवर. असा ढीग वरचेवर होऊ लागल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, “अरे, ब्रेक दाबायच्या आधी ओरडत जा की मेल्या! मागे तुझी आई आहे!”

तेव्हापासून हे आधी “फूऽऽल!” असं ओरडतात आणि मग थांबतात. आता तर गावात आमची सायकलींची रांग दिसली, की न्हावी वस्तरा हातात धरून दारात येतो आणि “फूऽऽल!” म्हणून ओरडतो. आणि हे दर वेळी थांबतात. दर वेळी!

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. हे डोळे तपासतात, काचा घासून फ्रेमीत बसवतात. मी लोकांच्या नाकावर फ्रेम बसते का ते पाहते आणि “तुम्हांला शोभतोय हं” असं म्हणते. गावातल्या निम्म्या नाकांवर आमची फ्रेम आहे. लोक यांना भिंगराव म्हणतात. खरं नाव यांचं यांनाच आठवावं लागतं.

शेजारी शिलाईकाकू राहतात. एकट्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्यासमोर खिडकी, खिडकीबाहेर अंगण आणि अंगणापलीकडे आमची भिंत. काकूंच्या हातात कापड पडलं की त्याचं सोनं होतं आणि झाड पडलं की त्याचं सरपण. निवडुंगसुद्धा त्यांनी मारला होता. कशानं? तर मायेनं. त्याला थंडी वाजेल म्हणून रोज कोमट पाणी घालत होत्या.

या काकूंची एकुलती एक लेक लांब, मोठ्या शहरात असते. गेल्या खेपेला ती आली तेव्हा माय-लेकींचं जोरात वाजलं. भिंत आमची आहे, पण कान काही आम्ही बंद करून घेतले नव्हते.

“आई, तू आता माझ्याकडे चल. इथं तुला काही झालं तर कळायचं कुणाला?”

“मला काय धाड भरलीय? माझी गिऱ्हाइकं आहेत, यंत्र आहे.”

“एक झाड सांभाळता येत नाही तुला, स्वतःला काय सांभाळणार?”

“झाडाचा आणि माझा काय संबंध?”

“आहे संबंध. हे बघ, हे डेलियाचे कंद आणलेत मी. लाव. याला एक फूल आणून दाखव, मी परत हा विषय काढणार नाही. नाही आलं, तर घर बंद करायचं आणि माझ्याबरोबर यायचं. मान्य?”

“मान्य!” काकू म्हणाल्या. रागात माणूस काहीही मान्य करतं.

त्यानंतर काकूंनी त्या कुंडीची जी सेवा केली, ती पाहून मला स्वतःच्या पूजेची लाज वाटायची. सकाळी पाणी, दुपारी सावलीला धरलेली छत्री, संध्याकाळी कुंडीशी गप्पा. आणि आश्चर्य म्हणजे झाड जगलं. नुसतं जगलं नाही, फोफावलं. कुंडीतून बाहेर पडून भिंतीवर चढलं. काकूंनी त्याला चिंध्यांचे फास घालून खिळ्यांना बांधलं. मला झाडातलं काही कळत नाही, पान म्हटलं की मला चहाचं आठवतं. पण सासूबाईंना सगळंच कळतं. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “छान धरलंय हो. आता फूल येणारच.”

पण फूल काही येईना. मग एका रविवारी आम्ही फेरी मारून परत आलो, आणि आमच्याच दारात हे ओरडले, “फूऽऽल!”

ढीग होता होता राहिला. बघतो तर काकूंच्या अंगणातल्या भिंतीवर, त्या हिरव्या पानांच्या गर्दीत, बशीएवढा डेलिया. गडद लाल, पाकळ्यांची टोकं पांढरी, आणि वर पाण्याचे थेंब! ऊन चांगलं वर आलं होतं, रस्ता तापला होता, आणि या फुलावर दव! आता मागाहून वाटतं, की तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण आमच्या घरातला डोळ्यांचा जाणकार तेव्हा भक्तीत बुडाला होता.

“काकू! फोटो काढू का?”

काकू खिडकीत होत्या. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. तेव्हा मला वाटलं, आनंदानं.

“काढ की. पण लांबून हं. हात लावू नकोस. नाजूक आहे.”

“हात? काकू, मी कधी फुलाला हात लावलाय?”

फोटो काढताना यांचा एकच मंत्र असतो. फूल स्पष्ट, बाकी सगळं धूसर. पानं धूसर, भिंत धूसर, मागे कुणी उभं असेल तर तेही धूसर. मी लग्नात यांच्याशेजारी उभी होते म्हणून स्पष्ट आले, नाहीतर आमच्या संसाराची गोष्टच वेगळी झाली असती. सासूबाईंनी उशी दिली. हे टेकले आणि उठेपर्यंत आम्ही अंघोळी उरकल्या.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून लेकीचा फोन ऐकू आला. काकू फोन फुलाच्या इतक्या जवळ नेत होत्या, की तिला बिचारीला नुसतं लाल दिसत असणार.

“आलं गं आई! आलं खरंच! थोडं मागे घे ना फोन.”

“मागे नको, हात थरथरतो माझा. हे बघ पाकळी. ही बघ दुसरी.”

आता यात आमच्या मैनेनं भर घातली. ग्रंथालयाच्या सभागृहात फुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. हे दर वर्षी तिथं फोटो पाठवत आणि दर वर्षी ग्रंथपाल ते आदरानं परत पाठवत. या वर्षी यांनी काकूंचा डेलिया पाठवला आणि तो नुसता निवडला गेला नाही, तर दर्शनी भिंतीवर, दाराएवढा मोठा करून लावायचं ठरलं. हे दिवसभर दुकानात उभेच होते. बसायचं विसरले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना यांनी दोन्ही डोळ्यांना एकच नंबर दिला, आणि ते बिचारे “आज जग सरळ दिसतंय” म्हणून खूश होऊन गेले. आणि मैनेनं ही बातमी फोटोसकट कळवली थेट काकूंच्या लेकीला. तिचं लगेच उत्तर, “मी येतेय! उद्घाटनालाच येते! सांग आईला, ती जिंकली!”

मैनेनं हे काकूंना सांगितलं तेव्हा काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. मैना मला म्हणाली, “आई, काकूंना आनंद झाला ना, की त्या रडतात.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो दाराएवढा फोटो चौकटीत बसवून दुकानात आला. यांना तो सभागृहात द्यायच्या आधी एकदा डोळे भरून पाहायचा होता. भिंतीला टेकवून ठेवला. हे हात जोडूनच उभे राहिले. मी समोरच्या बाईंना नवा चष्मा घालत होते.

“कसं दिसतंय ताई?” मी विचारलं.

“सगळं स्वच्छ दिसतंय,” त्या म्हणाल्या. “त्या फुलावरची शिलाईसुद्धा.”

“कसली शिलाई?”

“ती काय, पाकळीच्या बुडाशी. पिवळ्या दोऱ्याची फुली.”

मी बाईंना बाहेर घालवलं, पैसे उद्या द्या म्हणाले, आणि फोटोजवळ गेले. पाकळीच्या बुडाशी एक बारीक, सुबक, पिवळी फुली. अशी फुली गावात फक्त एकच हात घालतो. काकू कुठलंही शिवण संपवताना शेवटी पिवळ्या दोऱ्यानं एक फुली घालतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, “शिवण उसवायला लागलं तर आधी त्याला मला ओलांडून जावं लागेल.” आमच्या पडद्यांवर ती फुली आहे, मैनेच्या शाळेच्या दप्तरावर आहे, ग्रंथपालांच्या कोटाच्या आत आहे. गावातला प्रत्येक माणूस अंगावर कुठे ना कुठे काकूंची फुली घेऊन हिंडतो.

“अहो,” मी म्हणाले, “हे फूल मखमलीचं आहे.”

“मखमलीसारखं आहे,” हे म्हणाले. “सगळे तेच म्हणतायत.”

“सारखं नाही. मखमल आहे. मीटरवर मिळते ती.”

यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं मी देवाच्या मूर्तीला दगड म्हणाले. मग पुढे झाले. चष्मा काढला. चष्मा घातला. दुसरा घातला. मग डोळे तपासायची ती लोखंडी चौकट स्वतःच्या नाकावर चढवली आणि तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायला लागले. प्रत्येक भिंगानंतर “नाही” म्हणत होते. शेवटी सगळ्यांत जाड भिंग घातलं आणि नाक फोटोला टेकवलं.

“फुलाच्या मधोमध,” हे हळू आवाजात म्हणाले, “टाचणी आहे.”

फोटोवर चादर टाकून आम्ही तो घरून आणलेल्या सासूबाईंच्या तीनचाकीवर आडवा बांधला आणि घरी निघालो. पुढे हे मान खाली घालून तीनचाकी ओढत, मागे मी सायकल हातात धरून. तो प्रकार काय दिसत होता, ते न्हाव्याच्या दुकानासमोर कळलं. न्हावी दारात आला, पण ओरडला नाही. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हात जोडले.

काकूंच्या घरी गेलो तेव्हा यंत्र बंद होतं आणि काकू खिडकीशी. आमच्यामागून सासूबाई आल्या. कुणी काही बोलायच्या आतच काकू म्हणाल्या, “कळलं ना?”

“काकू, का हो?” यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. लहान मूल विचारतं तसं विचारलं.

“पानंच पानं आली रे. रोज उठून बघते, तर पान. मी त्याच्याशी बोलले, रागावले, रडलेसुद्धा. शेवटी म्हटलं, हिला फोनवर दाखवायला एखादं करावं. कुणाच्या तरी पडद्याची मखमल उरली होती. वर इस्त्रीच्या बाटलीनं पाणी मारलं. आता तुम्ही चौघं त्याच वेळी सायकलवरून याल, हे काय मला माहीत होतं?”

“आम्ही दर रविवारी त्याच वेळी येतो,” मी म्हणाले.

“रविवार आहे हेच विसरले होते. पाकळ्यांत गुंतले होते ना.”

सासूबाई म्हणाल्या, “फूल मात्र झक्क झालंय. मी फसले म्हणजे बघा.”

“काय झक्क? उद्या ती येणार. फुली तिच्या लंगोटापासून तिच्या अंगावर आहे, ती ओळखणार नाही होय? आधी खोटारडी म्हणेल, मग सामान भरायला लावेल.” काकूंनी यंत्रावर हात ठेवला. “तिकडे घर मोठं आहे म्हणे. पण खिडकीतून समोरची खिडकी दिसते. मी काय करू तिथं? कुणाचं माप घेऊ?”

मग सासूबाईंनी उपाय सुचवायला सुरुवात केली. फोटो उलटा लावावा. फोटो खूप उंच लावावा. सगळ्यांत शेवटचा उपाय त्यांना स्वतःलाच फार आवडला, “अरे, गावाचे चष्मे तूच केलेस ना? तपासणीसाठी म्हणून दोन दिवस सगळे परत मागव!”

हे उठले. “मी फोटो देतच नाही,” म्हणाले. “फुटला म्हणून सांगतो. फूल गळून गेलं म्हणायचं. झाड तर आहेच दाखवायला.”

“वेडा आहेस का?” काकू म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी तुझा लागतोय.”

“काकू, मी खोट्या फुलाचा फोटो लावणार नाही,” हे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “आणि तुम्ही गेलात तर माझ्या सदऱ्यांची बटणं कोण लावेल? हिला येत नाहीत.”

हे खरं होतं, पण सांगायची गरज नव्हती. वळताना मी पाहिलं, हे डोळे पुसत होते. देवाला सगळं दिसतं, त्याला चष्मा लागत नाही. त्यानं ते नक्की पाहिलं असणार.

ठरलं असं, की काकूंच्या लेकीशी फक्त हे बोलतील. बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. मैनेला तर मी देवाची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंच्या लेकीला बसथांब्यावर गाठायचं म्हणून सायकली काढल्या. काकूंना सासूबाईंच्या टोपलीत उशीवर बसवलं. दोन म्हाताऱ्यांचं वजन, वर चढण, तीनचाकी काही हलेना. मी आणि मैनेनं मागून ढकललं. थांब्यावर पोहोचलो तोवर बस येऊन गेली होती. लेक थेट सभागृहात गेली होती.

आम्ही धापा टाकत आत शिरलो, तर ती दर्शनी भिंतीसमोर उभी. भिंतीवर रिकामा खिळा आणि खिळ्याखाली ठसठशीत अक्षरांत छापलेली पाटी, ‘शेजारच्या अंगणातला डेलिया’. गाव जमलं होतं. ग्रंथपाल घाम पुसत होते.

“दादा, फोटो कुठाय?” तिनं यांना विचारलं.

हे सरळ माणूस. आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि नुसतं “फू...” एवढंच बाहेर पडलं.

ते मला बघवेना. मी म्हणाले, “अगं, काच फुटली. वाटेत खड्डा होता.”

“चोरीला गेला,” सासूबाई त्याच वेळी म्हणाल्या. “इतका सुंदर होता, जाणारच.”

“ओला झाला होता, वाळत घातलाय,” मैना म्हणाली. तिला वाटलं, मोठी माणसं बोलतायत म्हणजे शपथ सुटली.

आणि तेवढ्यात यांना आपलं वाक्य आठवलं. हे मोठ्यानं म्हणाले, “ग्रंथपालांच्या हातून फुटला!”

यांना म्हणायचं नव्हतं तसं. घाईत आधार म्हणून समोर जे दिसलं ते पकडलं, आणि समोर ग्रंथपाल होते. लेक गर्रकन त्यांच्याकडे वळली.

“तुमच्या हातून? माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा एक झाड जगवलं, त्याला फूल आणलं, आणि त्याचा फोटो तुम्ही फोडलात? साधी माफीसुद्धा नाही?”

“बाई, तो मोठा फोटो तर मी अजून पाहिलासुद्धा...”

“पाहिलाही नाही? न पाहताच फोडलात?”

ग्रंथपाल भला माणूस. पुस्तक उशिरा आणलं तरी वाचकाला आधी पाणी विचारणारा. तो आता भिंतीला टेकला होता आणि रिकाम्या खिळ्यात त्याचे केस अडकले होते. त्याला मदत करावी असं मला फार वाटत होतं, पण कुठल्या खोट्यानं करावी ते सुचेना.

“थांब गं,” काकू म्हणाल्या. त्या उशीसकट पुढे आल्या. घाईत उशी हातातच राहिली होती. “त्यांना काही बोलू नकोस. फोटो फुटला नाही, चोरीला गेला नाही. भिंगरावाच्या घरी पलंगामागे आहे. फूल मी शिवलं होतं.”

सभागृहात फक्त न्हाव्याची खुर्ची करकरली.

“शिवलं होतं?”

“मखमलीचं. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्यानं माझ्यासाठी फोटो दिलाच नाही. हे चौघं आत्ता जे काही बरळले, ते माझ्यासाठी. यांना खोटं बोलता येत नाही, तरी बोलले. आता तुला काय करायचं ते कर. पण त्या माणसाची माफी माग आधी.”

लेकीनं ग्रंथपालांची माफी मागितली. मग आईकडे वळली.

“म्हणजे कंद उगवलेच नाहीत?”

“उगवले नाहीत?” काकू एकदम ताठ झाल्या. “चल, दाखवते! भिंत झाकून टाकलीय!”

वरात उलटी फिरली. लेक माझ्या सायकलवर मागे बसली. उतार होता म्हणून बरं.

अंगणात आल्यावर ती भिंतीसमोर उभी राहिली. वेल खरोखरच देखणा दिसत होता. चिंध्यांच्या फासांनी नीट बांधलेला, एक पिवळं पान नाही, कीड नाही. तिनं एक पान हातात घेतलं. बदामाच्या आकाराचं. उलटं करून पाहिलं. मग खाली वाकली आणि कुंडीतली माती बोटांनी उकरायला लागली.

“अगं, मुळाला धक्का लागेल!” काकू ओरडल्या.

ती थांबली नाही. कोपरापर्यंत हात मातीत घातला, जोर लावला आणि ओढून काढलं. लालसर, जाडजूड, लांबट. मग दुसरं काढलं. मग तिसरं.

“आई,” ती म्हणाली, “हे रताळं आहे.”

आम्ही सगळे पुढे वाकलो. हे सगळ्यांत जास्त वाकले. ज्या माणसानं त्या वेलासमोर अर्धा दिवस गुडघे टेकून घालवला होता, तो आत्ता पहिल्यांदा त्याची पानं बघत होता.

“मला पहिल्यापासून शंका होतीच,” सासूबाई म्हणाल्या.

“रताळ्याच्या वेलाला डेलिया कसा येईल, आई? तू हे लावलंस. मग मी दिलेले कंद कुठे गेले?”

काकूंनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग खिडकीतून दिसणाऱ्या यंत्राखालच्या टोपलीकडे, मग आकाशाकडे. काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उगवत होतं.

“तू गेलीस त्याच दिवशी,” त्या म्हणाल्या, “बाजारातून रताळी आणली होती. ती आणि तुझे कंद, सगळं त्याच टोपलीत ठेवलं. आणि संध्याकाळी...”

“संध्याकाळी काय?”

“उकडली.”

“आणि?”

“मीठ लावून खाल्ली. म्हटलं, यंदा रताळी काही गोड नाहीत.”

आधी हसली मैना. मग सासूबाई. मग ती लेक भिंतीला पाठ लावून मातीत खाली बसली आणि इतकी हसली, की मातीच्या हातांनी डोळे पुसून तिचं तोंड कुंडीसारखं झालं. यांना हसू येत नव्हतं. हे एक पान उलटसुलट करत होते आणि पुटपुटत होते, “बदामासारखं आहे. चक्क बदामासारखं.”

काकू मात्र हसत नव्हत्या. त्या आत यंत्राजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. “तर मग, हरले मी,” म्हणाल्या. “कपडे भरायला थोडे आहेत. यंत्र नेता येईल का गं बसमधून?”

लेकीचं हसू थांबलं. ती उठून दारात आली. दारातून ती सगळं बघत होती हे मला दिसत होतं. तिची आई. ग्रंथपालांना आता तोंड कसं दाखवावं या लाजेत उभे असलेले हे. काकूंच्या हातून घेतलेली उशी काखेत धरून उभ्या असलेल्या सासूबाई. रताळी फ्रॉकमध्ये गोळा करणारी मैना. आणि मी, जिच्या हातात कुणी न सांगता फडकं आलं होतं आणि जी काकूंच्या पायाची माती पुसत होती.

“काही झालं तर कळायचं कुणाला, असं म्हणाले होते ना मी?” ती म्हणाली. “या सगळ्यांना तर तुझं खोटंसुद्धा माझ्याआधी कळतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहा इथंच.”

काकूंनी वर पाहिलं. “पण फूल आलं नाही.”

“फूल नाही आलं. पण झाड जगलं. आणि खालून टोपलीभर दिलंय त्यानं. माझ्या घरी आणलेला डेलिया एकदाही इतका माजला नाही.” मग यांच्याकडे वळून म्हणाली, “दादा, तो फोटो मला हवाय. माझ्या घरात दाराएवढी भिंत रिकामी आहे. माझ्या आईनं शिवलेलं आहे, मला चालतं.”

“टाचणी दिसते त्यात,” हे म्हणाले.

“दिसू दे.”

काकू उठल्या. रडत होत्या, पण हात पातेल्याकडे गेले होते, मैनेच्या फ्रॉकमधली रताळी त्यात ओतायला. लेकीनं पातेलं हळूच काढून घेतलं, आतली रताळी एकेक करून उजेडात धरून नीट पाहिली आणि मगच परत दिली.

“एवढंच कर,” ती म्हणाली. “यापुढे काहीही उकडायच्या आधी मला एक फोन करत जा.”